दोरी कुठं बांधायची

गुरुवारी पहाटे गुलटेकडीला, फुलबाजाराच्या दारात
निशिकांत भिंताडेनं ती गाडी उभी केली
तेव्हा आधी कुणी बोललंच नाही.
मग भिवा म्हणाला,
"गोदरेजचं कपाट आडवं पडलंय का रे?"
आणि बाजाराला वाचा फुटली.

कुणाला ती इस्त्री वाटली.
कुणाला पहिलीतल्या पोरानं पट्टीनं काढलेला डोंगर,
सूर्य काढायचा राहून गेलेला.
"किती देते?" आत्तार चहावाल्यानं विचारलं.
"देत नाही. घेते. रात्रभर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये."
"मग मीटर कुणाच्या नावावर?"
यावर निशिकांत हसला, पण उत्तर दिलं नाही.

मी समोरचा पेंटर. तीस वर्षं
टेम्पोंच्या पाठी रंगवतोय.
कमळं, गरुड, आईची कृपा.
एका पाठीवर बायकोचं नाव, निळ्या सावलीसकट,
आणि पुढच्या दिवाळीला त्याच्यावर पांढऱ्याचे दोन हात.
टेम्पोला पाठ असते.
हिला नुसते कोपरे,
आणि पत्रा असा की ब्रश बघूनच म्हणावा, पुढं जा.

केरबा हमाल एक चक्कर मारून आला.
त्याची मोजपट्टी म्हणजे खांदा.
शेवंतीची गोणी उचलून त्यानं कडेला लावली,
कड कानाशी आली.
"चार बोटं उंच आहे," म्हणाला,
डॉक्टर सांगतात तसं, न रागावता.
मग वाकून चाचपलं. बाजूनं, मागनं, खालनं.
"दोरी कुठं बांधायची?"

निशिकांतनं मोबाइलवर बोट ठेवलं.
मागचं झाकण आपोआप सरकत आलं, आवाज न करता.
"दोरी लागतच नाही, केरबाकाका."
केरबा झाकणाकडं बघत राहिला.
दसऱ्याला माल झाकणाच्या वर दोन हात असतो
हे त्या झाकणाला सांगणार कोण?

दहाला लाइट गेली. गुरुवारची, ठरलेली.
काटे बंद पडले. एका झेंडूवाल्याचे आकडे
अठरा किलोवरच विझले
आणि गिऱ्हाइकानं सतराच धरले.
तेव्हा निशिकांतनं गाडीच्या पोटातनं एक झडप उघडली.
आत तीन पिनांचा साधा बोर्ड,
घरात सोफ्यामागं असतो तसला.

अकरापर्यंत तिला सात वायरी लागल्या होत्या.
वजनकाटे, आत्तारचा मिक्सर,
भिवाचा मोबाइल (कपाट म्हणणारा तोच),
आणि आठवी वायर माझ्या कॉम्प्रेसरची.
इस्त्री म्हणणारे आता तिच्या सावलीत उभे होते.
सावलीत गेटावरचं लंगडं कुत्रंही झोपलेलं.

"काय लिहू?" मी विचारलं. "आईचं नाव?"
"नको. सकाळपासून जे विचारतायत ना, तेच लिहा."
पत्रा घासला, प्रायमर मारला,
तिच्याच विजेवर तिच्याच मागं लिहिलं,
लाल अक्षर, पिवळी किनार:

किती देते, विचारू नये.
किंमत तर मुळीच विचारू नये.
दोरीची गरज नाही.

केरबानं मला मोठ्यानं वाचायला लावलं.
शेवटची ओळ दोनदा.
"कड्या बसवून घे की चार."
"वॉरंटी जाते, काका."
केरबा काही बोलला नाही.
झाकण उघडंच ठेवायला लावलं,
झेंडू रचला, दोन हात वर, दसऱ्यासारखा,
आणि गाडीखाली उताणा शिरला.
कुत्र्यानं जागा दिली.
या चाकापासून त्या चाकापर्यंत
खालनं वर, वरनं खाली, त्यानं दोरी फिरवली
आणि गुडघा पत्र्याला लावून
गाठ ओढली.

गाडी निघाली तेव्हा कळलंच नाही,
आवाज नाही, धूर नाही.
फक्त झेंडूचा ढीग चौकाकडं सरकत गेला.

दोरी ओल्या रंगावरनं गेली होती.
वरच्या दोन ओळी जागच्या जागी,
खालच्या ओळीतलं "नाही" तेवढं पुसलं.
संध्याकाळी निशिकांतचा फोन आला,
दुरुस्त कधी करता.
बघू म्हणालो. गुरुवारी.